कुलाब्याच्या अंगणात अडकलेला सूर्य

१८७८ च्या सुमारास मधल्या कुलाब्यातल्या एका बंगल्याच्या आवारात वाफेचं इंजिन धडधडत होतं. इंजिन लहानच, अडीच अश्वशक्तीचं. मुंबईला तोवर इंजिनाचं अप्रूप उरलं नव्हतं. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावून पंचवीस वर्षं झाली होती आणि गिरण्यांची धुराडी वाढत चालली होती. तरीही हे इंजिन पाहायला मोठमोठी माणसं येऊन गेली. फौजेचे सरसेनापती आले, रॉयल इंजिनियर्सचे कर्नल आले, सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव आले, काही न्यायमूर्ती आले, बडे गिरणीमालकही आले. सगळ्यांची नजर बॉयलरच्या बुडाशी जात होती. तिथे भट्टी नव्हती, कोळशाचा ढीग नव्हता, धुराची रेषही नव्हती. थोड्या अंतरावर अर्धवर्तुळात साधे आरसे उभे होते, घरातल्या भिंतीवर लावतात तसे. त्या प्रत्येक आरशातून उन्हाचा एकेक पट्टा येऊन बॉयलरवर पडत होता, आणि एवढ्यावर आतलं पाणी उकळून वाफ होत होती.

हे इंजिन उभारणाऱ्या माणसाचं नाव विल्यम अ‍ॅडम्स. जातीचा इंग्रज, हुद्द्याने डेप्युटी रजिस्ट्रार. तो इंजिनियर नव्हता, कारखानदारही नव्हता. दिवसभर सरकारी कागद हाताळणारा हा अधिकारी सूर्याच्या नादी लागला आणि जगातल्या सौरऊर्जेच्या इतिहासात आपल्या मुंबईचं नाव कायमचं लिहून गेला. ही गोष्ट मुंबईच्या शाळेत शिकवत नाहीत. शिकवायला हवी. आज स्पेनमध्ये, कॅलिफोर्नियात उंच मनोऱ्यावरच्या बॉयलरवर शेकडो आरसे रोखून वीज तयार करतात. त्या सगळ्या मांडणीचं मूळ कुलाब्याच्या त्या अंगणात आहे.

मी वर्सोव्यात राहतो. कुलाब्यापासून हे गाव सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर उत्तरेला. अ‍ॅडम्सच्या काळात ते मुंबई शहरात नव्हतंच. साष्टी बेटावरचं, ठाणे जिल्ह्यातलं कोळ्यांचं वेसावे होतं ते. अ‍ॅडम्स आरसे जुळवत होता तेव्हाही या किनाऱ्यावर ऊन कामाला जुंपलेलं होतंच. डोल जाळ्यात आलेला बोंबील इथे आजही त्याच रीतीने सुकवतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. बांबूच्या वलांड्यांवर अशा दोऱ्यांच्या रांगा लागतात. बोंबलात मांसापेक्षा पाणीच फार. थंडीच्या दिवसांतलं कोरडं ऊन आणि खाडीवरचा वारा ते पाणी शोषून घेतो. कालपर्यंत हातातून निसटणारा मऊ मासा काठीसारखा कडक होतो आणि पावसाळ्यात, होड्या किनाऱ्याला लागल्या की, घरात आणि बाजारात चालतो. या कामाला सरपण लागत नाही. कोळणींना ऊन कधी आणि किती हे पक्कं ठाऊक असतं. सकाळी कुठली बाजू तापते, संध्याकाळी दव पडायच्या आत कुठली दोरी उतरवायची, हे त्या आकाशाकडे बघून सांगतात. उन्हात काम करण्याची ताकद आहे, ही गोष्ट किनाऱ्याला नवी नव्हती. अ‍ॅडम्सपुढचा प्रश्न वेगळा होता. मासा सुकवायला साठ-सत्तर अंशांचीही गरज नसते. इंजिन चालवायचं तर पाण्याला उकळी आणून दाबाची वाफ करावी लागते. पसरलेलं ऊन एका जागी गोळा कसं करायचं?

हा प्रश्न फ्रान्समध्ये एकाने आधीच हाती घेतला होता. ऑगस्तँ मूशो हा तूर शहरातला गणिताचा शिक्षक. कोळसा एक दिवस संपेल आणि मग कारखाने कशावर चालतील, या चिंतेने त्याला पछाडलं होतं. त्याने चकचकीत धातूचा परावर्तक केला (पुढे त्याला शंकूचा आकार दिला), मधोमध काचेच्या आवरणात बॉयलर बसवला आणि १८६६ मध्ये सूर्यावर चालणारं इंजिन खुद्द सम्राट तिसऱ्या नेपोलियनला दाखवलं. १८६९ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक लिहिलं. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तर त्याने मोठ्या सौर इंजिनावर शीतयंत्र चालवून बर्फाची लादी काढून दाखवली. उन्हातून बर्फ! पाहणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली असतील.

अ‍ॅडम्सने मूशोचं लेखन बारकाईने वाचलं आणि त्यातली अडचण त्याच्या लक्षात आली. शंकूचा परावर्तक सूर्यामागे फिरवायचा म्हणजे बॉयलरसकट सगळा डोलारा फिरवायचा. छोट्या इंजिनाला हे जमेल. अर्ध्या अश्वशक्तीच्या पुढे गेलं की वजन आवरेनासं होईल, असा त्याचा हिशेब होता. शिवाय चांदीचा मुलामा दिलेला धातू महाग, आणि दमट हवेत काळा पडणारा. मुंबईत समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात त्याची कळा किती दिवस टिकणार? अ‍ॅडम्सचा विचार मुंबईच्या हवेत, मुंबईच्या बाजारभावात मुरलेला होता. इंग्लंडहून जहाजाने येणारा कोळसा इथे महाग पडायचा, जंगलं तुटत होती, सरपण दुर्मीळ होत होतं, आणि डोक्यावर वर्षातले आठ महिने ऊन तळपत होतं. गरम देशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता, हाच त्याच्या १८७८ च्या पुस्तकाचा विषय.

सुरुवात त्याने स्वयंपाकापासून केली. लाकडी चौकटीत साध्या पारा लावलेल्या काचेचे आठ तुकडे बसवून अष्टकोनी परावर्तक केला, व्यास सुमारे सव्वादोन फूट. मध्ये तांब्याचं भांडं, त्यावर काचेचं झाकण. कुलाब्यात लष्कराची छावणी होती. सात शिपायांचा शिधा, मांस आणि भाज्या, या चुलीवर चढवला गेला. जानेवारी महिना, म्हणजे मुंबईतला सगळ्यात थंड काळ. दोन तासांत जेवण तयार झालं, आणि नेहमीच्या चुलीपेक्षा हे चांगलं शिजलंय असं शिपायांनीच सांगितलं. अ‍ॅडम्सने ही हकिगत अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ला कळवली आणि जून १८७८ च्या अंकात ती छापून आली. मला यातली त्याची निवड फार आवडते. त्याने मेचं रणरणतं ऊन निवडलं नाही; सगळ्यात थंड महिन्यात चूल पेटवून दाखवली. ज्याला लोकांनी वस्तू वापरावी असं वाटतं, तोच अशी परीक्षा घेतो.

पण चूल आणि इंजिन यांत फार अंतर. इथे अ‍ॅडम्सने जे केलं तोच खरा शोध. वक्र परावर्तकाचा नाद त्याने सोडून दिला. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, १७४७ मध्ये, फ्रान्समध्ये ब्युफाँने अनेक सपाट आरसे एकाच जागी रोखून लांबवरचं लाकूड पेटवून दाखवलं होतं. अ‍ॅडम्सने तीच वाट धरली. बाजारात मिळणारे सपाट आरसे घेतले, १७ इंच लांब, १० इंच रुंद. सपाट आरशाने टाकलेला उन्हाचा पट्टा वीस फुटांवरही आरशाहून दोनेक इंचच मोठा होतो, कारण सूर्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. म्हणजे एका आरशाचं ऊन एका उन्हाएवढंच. त्यावर दुसऱ्याचं ऊन नेमकं पाडलं की दोन उनं, तिसऱ्याचं पाडलं की तीन. प्रत्येक आरसा हाताने कलता करत, पट्ट्यावर पट्टा चढवत त्याने थोड्या आरशांनी लाकूड पेटवलं. मग संख्या वाढवत ७२ वर नेली. लक्ष्यावरचं तापमान १२०० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं, आपल्या मापात जवळपास साडेसहाशे अंश सेल्सियस. या उष्णतेत शिसं आणि जस्त वितळून जातं. आणि एवढं सगळं भिंतीवरच्या आरशांनी.

मग सूर्य सरकतो त्याचं काय? अ‍ॅडम्सने बॉयलर जागेवर ठेवला आणि आरशांची चौकट बॉयलरभोवती अर्धवर्तुळाकार रुळांवर उभी केली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका माणसाने ती थोडी थोडी ढकलायची. जड वस्तू स्थिर, हलकी वस्तू फिरती. मूशोचा सगळा डोलारा या एका कल्पनेने मोडीत निघाला. आता इंजिन मोठं करायचं तर आरसे वाढवायचे, एवढंच. चाराचे आठ करा, आठाचे सोळा करा. फुटलेला आरसा बदलून दुसरा लावा. कारागीर सुतार असला तरी चालेल. पुढे शंभर वर्षांनी अभियंत्यांनी ‘सोलर पॉवर टॉवर’ या नावाने जी रचना उभी केली, ती तत्त्वाने हीच: मधोमध स्थिर उष्णताग्राहक आणि भोवती सूर्यामागे वळणारे अनेक सपाट आरसे.

नेहमीच्या नळीदार बॉयलरला अडीच अश्वशक्तीचं इंजिन जोडून अ‍ॅडम्सने ते दिवसाउजेडी दोन आठवडे चालवलं. वर्तमानपत्रांना कळवलं. मोठ्या लोकांना घरी बोलावलं. पाहुणे प्रभावित होऊन गेले. स्थानिक अभियंत्यांनी मत दिलं की कोळशाची जागा हे यंत्र एकट्याने घेणार नाही, पण जोडीला म्हणून कामाचं आहे: ऊन आहे तोवर सूर्य, ऊन गेलं की भट्टी. हे मत अगदी रास्त होतं. आजही जगात सौरऊर्जा अशीच, दुसऱ्या कशाच्या तरी जोडीने चालते.

यानंतर मात्र गोष्ट थांबते. पुढचं इंजिन झालं नाही, कुठल्या गिरणीत आरसे लागले नाहीत, फौजेच्या कुठल्या छावणीने चुलींची मागणी केली नाही. अ‍ॅडम्सला सुवर्णपदक मिळालं आणि प्रयोग संपला. तंत्रज्ञानाचे इतिहासकार म्हणतात की त्याला कल्पना सिद्ध करायची होती, ती झाली. किंवा त्याच्यात धंदा उभारण्याची धडपड नव्हती. दुसरं कारण खरं असेल. नोकरदार माणूस, पगार सुरू, कर्ज काढून कारखाना कशाला घालेल? पण एवढ्याने माझं समाधान होत नाही. त्या अंगणात त्या दिवसांत येऊन गेलेल्यांची यादी पुन्हा वाचा. लष्कर, बांधकाम खातं, न्यायसंस्था, भांडवल. मुंबई इलाख्यात निर्णय घेऊ शकणारं जवळपास सगळं सामर्थ्य त्या एका कुंपणात येऊन गेलं होतं. इंजिन त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं. निर्णय मात्र एकानेही घेतला नाही, कारण घेतला नाही म्हणून त्यांना जाब विचारणारं कुणीच नव्हतं.

त्याच दोन-तीन वर्षांत, १८७६ ते १८७८, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. सोलापूर, विजापूर, अहमदनगर भागांत माणसं आणि जनावरं तडफडत होती. विहिरींचं पाणी खाली गेलं होतं. ज्या उन्हाने दख्खन करपत होतं, त्याच उन्हावर कुलाब्यात इंजिन चाललं होतं. हे इंजिन दुष्काळ हटवू शकलं असतं असा दावा मी करणार नाही; अडीच अश्वशक्तीने इलाखा भिजत नाही. पण सूर्यावर पाणी उपसता येईल का, एवढा प्रश्न विचारणारं सभागृह तरी हवं होतं. मुंबई महापालिकेच्या १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी ३२ सदस्य निवडण्याचा हक्क करदात्यांना दिला होता. तो मूठभरांचा हक्क होता, आणि वेसाव्याचे कोळी किंवा सोलापूरचे शेतकरी त्यात कुठेच नव्हते. मत मागायला जायचंच नाही, तर उन्हाचं इंजिन लोकांपुढे कोण मांडणार?

मूशोची कथाही याच वळणावर संपली. फ्रान्सला कोळसा स्वस्तात मिळू लागला, सरकारला सूर्याची निकड वाटेनाशी झाली, मदत आटली आणि तो पुन्हा शिकवण्याकडे वळला. यंत्र होतं तसंच उत्तम होतं. फिरलं ते धोरण.

ऊर्जा कुठून घ्यायची हा राजकारणाचा प्रश्न आहे, हे महाराष्ट्राने पुढे फार कटू रीतीने अनुभवलं. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली आणि गिरण्यांची चाकं सह्याद्रीच्या पावसावर फिरू लागली. धूर नसलेली ऊर्जा मुंबईला मिळाली, हे जमशेटजींचं स्वप्न होतं आणि मोठंच होतं. पण १९२१ मध्ये मुळशीचं धरण आलं तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांच्या भाताच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तुरुंगवास झाले, आणि धरण झालंच. पाण्याची वीज स्वच्छ असते, पण ती कुणाच्या शेतावरून येते हे विचारायला लागतं. मुळशीकरांचा हा प्रश्न कुठल्याही सौर प्रकल्पाला आजही लागू आहे.

अ‍ॅडम्सची मांडणी जगात परत यायला शतक जावं लागलं. कॅलिफोर्नियात बार्स्टोजवळ ‘सोलर वन’ १९८२ मध्ये चालू झालं. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ २००७ मध्ये व्यापारी तत्त्वावरचा मनोरा आला. भारतात राजस्थानात बिकानेरजवळ २०११ मध्ये अडीच मेगावॉटचा मनोरा उभा राहिला. आणि शिपायांच्या शिध्याची चूल? ती आपल्याच महाराष्ट्रात परतली. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवल्या गेल्या. त्यांच्या वाफेवर रोज हजारो भाविकांचं जेवण शिजू लागलं. सात शिपायांपासून हजारोंच्या पंगतीपर्यंत यायला एकशे तीस वर्षं लागली.

या सगळ्यात मला एका फिलिपिनो तरुणाची वाटचाल फार महत्त्वाची वाटते, कारण अ‍ॅडम्स जिथे थांबला तिथून तो पुढे चालत गेला. लिआंद्रो लेविस्टे, जन्म १९९३. फिलिपिन्स आपल्यासारखाच उन्हाचा, बेटांचा, मासेमारीचा देश, आणि वीजदर आशियातल्या महागड्या दरांत मोडणारे. विशीत असताना, २०१३ मध्ये, त्याने ‘सोलार फिलिपिन्स’ ही कंपनी काढली. त्याचा दावा साधा होता: सरकारी अनुदान नसतानाही छपरावरची सौर वीज ग्रिडच्या विजेपेक्षा स्वस्त पडू शकते. हे त्याने कागदावर मांडून सोडलं नाही. २०१४ मध्ये मनिलातल्या ‘एसएम नॉर्थ एड्सा’ या अवाढव्य मॉलच्या छतावर दीड मेगावॉटचा प्रकल्प उभा केला. मॉलला वीज दुपारी लागते, वातानुकूलन दुपारी चालतं, आणि सूर्यही दुपारीच भरात असतो; मागणी आणि पुरवठा एकाच घड्याळावर आले. २०१६ मध्ये बतांगस प्रांतात कालातागानला ६३ मेगावॉटचं सौर शेत झालं, आणि पुढच्याच वर्षी सौर पॅनेलचा कारखाना.

त्याचं सगळ्यात लक्षात राहण्यासारखं काम मात्र छोटं आहे. मिंदोरो बेटावरचं पालुआन हे दुर्गम किनारी गाव. तिथली वीज रोज काही तासांपुरती यायची. २०१७ च्या अखेरीस त्याने तिथे दोन मेगावॉट सौर पॅनेल, बॅटऱ्या आणि आणीबाणीसाठी डिझेल जनित्र अशी जोडणी केली, आणि गावाला चोवीस तास वीज मिळू लागली. कुलाब्यातल्या अभियंत्यांनी १८७८ मध्ये जे सुचवलं होतं, सूर्य आणि जोडीला इंधन, तेच हे. फक्त मध्ये बॅटरी आली.

आणि इथेच त्याला राजकारण भेटलं. वीज वितरण हे प्रत्येक भागात कुणाच्या तरी मक्त्यात असतं. दुसऱ्याने तिथे तार टाकायची तर कायदा लागतो. लेविस्टेच्या कंपनीला निवडक प्रांतांतल्या दुर्गम भागांत अशी वीज पुरवायचा परवाना फिलिपिन्सच्या संसदेने २०१९ मध्ये कायदा करून दिला. त्यावरून मोठं वादंग झालं. वीज सहकारी संस्थांनी आणि इतर सौर कंपन्यांनीही विरोध केला. एकाच कंपनीला असं झुकतं माप का, असा त्यांचा सवाल होता. त्याची आई लॉरेन लेगार्डा देशातल्या नामांकित राजकारणी आहेत, ही गोष्टही टीकाकारांनी सोडली नाही. पुढे त्याने आपल्या सूचिबद्ध कंपनीचं नियंत्रण मोठ्या वीज उद्योगाच्या हाती दिलं आणि मे २०२५ च्या निवडणुकीत बतांगसच्या पहिल्या जिल्ह्यातून तो संसदेवर निवडून आला.

मी त्याला आदर्श म्हणून मांडत नाही. ऊर्जेत पैसा कमावलेला माणूस ऊर्जेचे कायदे करायला बसतो तेव्हा त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं पाहिजे, आणि घराण्याचा वारसा असलेल्याला सभागृहाचं दार लवकर उघडतं हेही खरं. पण एक गोष्ट त्याने बरोबर ओळखली. छतावर पॅनेल चढवणं हे अभियंत्याचं काम. त्या पॅनेलची वीज कुणाला, कुठल्या तारेतून, किती दराने मिळणार हे लोकप्रतिनिधी ठरवतात. अ‍ॅडम्सने अधिकाऱ्यांना घरी बोलावलं. लेविस्टे मतदारांच्या घरी गेला. शोध जिवंत राहायचा तर कुणीतरी ही दुसरी फेरी मारावीच लागते.

वर्सोव्याला हे सगळं का सांगायचं? कारण आपल्याकडे आज तंत्र आहे, बाजार आहे, कायदाही बराचसा आहे. इथून घाटकोपरला जाणाऱ्या मेट्रोच्या स्थानकांच्या छपरांवर सौर पॅनेल बसली आहेत. रोज हजारो लोक त्यांच्याखालून जातात. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत घराला ३ किलोवॉट आणि त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, आणि गृहनिर्माण सोसायटीला सामायिक विजेसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळं छत लागतं आणि मुंबईच्या उन्हात वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचं बिल त्यातून चांगलंच उतरतं. पावसाळ्यात उत्पादन घटतं. त्यासाठी नेट मीटरिंग आहे, उन्हाळ्यात ग्रिडला दिलेलं पावसाळ्यात परत घ्यायचं. यारी रोडपासून सात बंगल्यापर्यंतच्या गच्च्यांवर हे शक्य आहे.

मला त्याहून जास्त तळमळ वाटते ती कोळीवाड्याची. होडी समुद्रावर निघते तेव्हा बर्फ भरून निघते. बर्फ नसेल तर मासा किनाऱ्याला येईपर्यंत टिकत नाही आणि बर्फाचा खर्च डिझेलच्या पाठोपाठ असतो. बर्फाच्या कारखान्याला वीज भरपूर लागते, आणि बर्फ ही साठवता येणारी वस्तू आहे. दुपारच्या उन्हात तयार करा, पहाटे होडीत भरा. बॅटरीचंही फारसं काम नाही. ज्या वर्षी अ‍ॅडम्सने कुलाब्यात इंजिन चालवलं, त्याच वर्षी मूशोने पॅरिसमध्ये सूर्यावर बर्फ काढला. वेसाव्याच्या होडीत मात्र तो अजून पोचलेला नाही. मासळी सुकवायचंही तसंच. जागा आक्रसत चालली आहे, किनारा घाण होतो, अवकाळी सर आली की वलांडीवरचा माल वाया जातो. झाकलेले सौर वाळवणी संच आज उपलब्ध आहेत. धूळ, माश्या आणि पाऊस यांपासून मासळी वाचते आणि तिला भावही बरा येतो. एकट्या कोळणीला तो संच परवडणार नाही. मच्छीमार सहकारी सोसायटीला परवडेल, आणि त्यासाठी जागा, कर्ज, परवानगी हे तिन्ही राजकारणातूनच मिळतं.

मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात आपल्या प्रभागाचा प्रश्न नेमका कुणाला विचारायचा हेच लोकांना कळेना. हे पुन्हा होऊ देऊ नका. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत छताचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला सेक्रेटरींना लेखी कळवा. जो कुणी मत मागायला दारी येईल त्याला रस्ते आणि पाण्याबरोबर हेही विचारा की वेसाव्याचा बर्फाचा कारखाना सूर्यावर कधी चालणार, आणि त्याचं उत्तर लिहून घ्या. आणि तुमच्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी इंजिनियरिंग शिकून सौर धंद्यात उतरायचं म्हणत असेल, तर धंद्याबरोबर निवडणुकीचाही अर्ज भर, असं त्यांना आवर्जून सांगा.